शेवटची सोळा पाने

रात्रीची शेवटची एस.टी. भर पावसात घाट उतरून खालच्या स्टँडवर आली, तेव्हा तिच्यात एक उतारू कमी होता. कंडक्टरने सुटताना बावीस तिकिटे फाडली होती, वेबिलावर तसा आकडा होता आणि उतरली माणसे एकवीस. गाडी वाटेत कुठेही थांबलेली नव्हती. दार एकच होते आणि दाराशी कंडक्टर स्वतः बसलेला होता. खिडकीजवळच्या बाकावर एक घोंगडी, भाकरीचा न उघडलेला डबा आणि बाकाखाली धुळीने माखलेल्या वहाणा, एवढेच काय ते उरले होते.

सांगा, या ओळी वाचून पुस्तक खाली ठेवणारा माणूस कुठे सापडेल?

ही सुरुवात माझी नव्हे. ती एका मराठी रहस्यकादंबरीची आहे. १९७३ सालच्या उन्हाळ्यात, पारनेरला, वयाच्या अकराव्या वर्षी मी ती पहिल्यांदा वाचली. गेल्या महिन्यात माझी नात एक रहस्यमालिका आठही भाग एका बैठकीत पाहून उठली आणि चिडून म्हणाली, ''आजोबा, सुरुवात काय भारी होती आणि शेवटी नुसती फसवणूक!'' तिची समजूत घालता घालता मला ती एस.टी. आठवली आणि मग त्या एस.टी.बरोबर बरेच काही आठवले.

ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांना १९७२-७३ म्हटले की दुसरे काही सांगावे लागत नाही. पारनेर तालुका तसाही पर्जन्यछायेतला. आमच्याकडे पावसाची वाट पाहणे हा काही एका वर्षाचा उद्योग नव्हे. पण त्या वर्षी विहिरींचे तळ दिसले, जनावरे गेली आणि ज्यांच्या घरी चार-चार बैल होते त्यांच्या घरच्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. माझे वडील प्राथमिक शिक्षक. त्यामुळे आमच्या घरात महिन्याचा पगार येत होता, आणि त्या वर्षी आमच्या आळीत हीच मोठी श्रीमंती होती.

स्टँडच्या बाजूला एका दुकानात पुस्तके भाड्याने मिळत. दिवसाला पाच पैसे. दुकान कसले, एक लाकडी खोकेच ते. पुढे विड्या-काड्या, मागे दोरीवर टांगलेल्या रहस्यकथा. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार, धनंजय आणि काळा पहाड तिथेच मला भेटले. अर्नाळकरांनी हजारावर पुस्तके लिहिली. १९०६ साली जन्मलेला हा लेखक १९९६ साली गेला, तोवर महाराष्ट्राच्या तीन पिढ्यांनी त्यांची पुस्तके पांघरुणात लपवून वाचली होती. गुरुनाथ नाईक हेही त्याच पंक्तीतले, त्यांची पुस्तकेही बाराशेच्या पुढे. ते २०२१ साली गेले. पुढे सुहास शिरवळकर आले. त्यांचा मंदार पटवर्धन, अमर विश्वास, दारा बुलंद ही नावे कॉलेजात मित्रांसारखी घेतली जात. साहित्य संमेलनाच्या मांडवात या मंडळींची फारशी विचारपूस झाली नाही, पण केशकर्तनालयात, एस.टी. स्टँडवर, रात्रपाळीच्या टेबलावर मराठी वाचन ज्यांनी जिवंत ठेवले त्यांत ही नावे वरची आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी जे गाऱ्हाणे मांडणार आहे ते यांच्यापैकी कोणाच्या पुस्तकाचे नाही.

मी आणलेल्या पुस्तकाला मुखपृष्ठ नव्हते. पहिले पान फाटलेले. त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. दुकानदार म्हणाला, ''ने, तीन पैसे दे.'' दोन पैसे का कमी केले, ते घरी आल्यावर कळले. शहाण्णव पानांनंतर पुस्तक संपत होते. गोष्ट मात्र संपत नव्हती. छापखान्यात अशी पुस्तके सोळा-सोळा पानांच्या फॉर्मने छापतात आणि मग ते फॉर्म एकावर एक ठेवून शिवतात. आमच्या पुस्तकाचा शेवटचा फॉर्मच गळून पडलेला होता.

माझी आई सातवीपर्यंत शिकलेली, माहेर निघोजचे. कुकडीच्या पात्रातल्या काळ्या कातळात पाण्याने आणि गोट्यांनी फिरून फिरून कोरलेले रांजणखळगे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ते गाव ठाऊक असेल. आईला वाचनाचा नाद होता आणि तोही मोठ्याने वाचण्याचा. त्या उन्हाळ्यात संध्याकाळी खडीच्या कामावरून परतलेल्या आळीतल्या चार-पाच बायका हातपाय धुऊन आमच्या ओट्यावर टेकत. दिव्याखाली आई वाचायची. पोथ्या वाचून झाल्या होत्या. एक दिवस मी आणलेले हे पुस्तक तिच्या हाती लागले आणि ओट्यावर एस.टी. सुरू झाली.

एस.टी. हा आमच्या जिल्ह्याचा जरा अभिमानाचा विषय आहे. १ जून १९४८ रोजी राज्यातली पहिली एस.टी. धावली ती नगर-पुणे रस्त्यावर, म्हणजे आमच्याच तालुक्यातल्या सुप्यावरून. गोष्टीतल्या घाटाचे नाव पुस्तकात दिलेले नव्हते. पण आमच्या टाकळी ढोकेश्वरावरून कल्याणकडे जाणारा रस्ता पुढे माळशेज उतरतो, तेव्हा ओट्यावरच्या सगळ्यांनी तो माळशेजच धरला. बाहेर महिनोन्‌महिने थेंब नव्हता आणि आई वाचत होती, ''पाऊस असा कोसळत होता की ड्रायव्हरला पुढचा हात दिसेना.'' एक म्हातारी म्हणाली, ''आवं, त्योच परत एकदा वाचा की, पावसाचं.'' आईने तेवढे पान पुन्हा वाचले.

गोष्ट थोडक्यात अशी. हरवलेला उतारू एक शेठ. त्याच्याबरोबर त्याचा दिवाणजी होता. तिकिटे दिवाणजीनेच काढली, ''एक माझं, एक शेठचं. शेठचा डोळा लागलाय.'' कंडक्टरने घोंगडी पाहिली आणि दोन तिकिटे फाडली. तिसऱ्या दिवशी शेठचे प्रेत घाटातल्या दरीत सापडते. अंगावरचे दागिने आणि कमरेची रक्कम गायब. गाडी थांबली नाही असे ड्रायव्हर सांगतो, उतारू सांगतात, कंडक्टरही सांगतो. मग दाराशी कोण होते? कंडक्टर. पोलीस त्याला उचलतात. त्याची बायको दोन पोरे घेऊन चौकीच्या पायरीवर बसून राहते. मग मुंबईहून एक हुशार गुप्तहेर येतो, सिगारेट शिलगावतो, घाट बघतो, आणि शहाण्णवाव्या पानावर म्हणतो, ''आता सारा उलगडा झाला!''

आणि पुढे पान नाही.

मी आईच्या शेजारी बसलेलो होतो. पुस्तक संपल्याचे मला दिसत होते. बायकांना दिसत नव्हते. आईने पान उलटल्यासारखे केले आणि शहाण्णवाव्या पानाकडेच बघत ती पुढे वाचू लागली. मी तोंड उघडणार तोच तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. मी गप्प बसलो.

तीन संध्याकाळी तिने शेवट वाचला. तिचा गुप्तहेर कंडक्टरला एकच प्रश्न विचारतो, ''शेठला गाडीत चढताना तुम्ही पाहिलंत का?'' कंडक्टर आठवतो आणि म्हणतो, नाही, घोंगडी तेवढी पाहिली. मग गुप्तहेर त्या वहाणा मागवतो. ''स्टँडवर गुडघाभर पाणी होतं. शेठ चालत गाडीत आला असता तर वहाणा चिखलाने भरल्या असत्या. यांच्यावर धूळ कशी?'' शेठ गाडीत चढलाच नव्हता. त्याला दिवसाढवळ्या, पाऊस सुरू होण्याआधीच मारून दरीत टाकले होते. घोंगडीखाली वळकटी होती. दिवाणजीने एक तिकीट जास्त काढले, कारण शेठ रात्री साडेनऊला जिवंत होता असे सरकारी वेबिलावर लिहिले जायला हवे होते. कंडक्टरने तिकिटे मोजली होती, माणसे मोजली नव्हती. हीच त्याची चूक, आणि हिला फाशी नाही.

कंडक्टर सुटला. डेपोत त्याला लोकांनी खांद्यावर घेतले. दुसऱ्या दिवशी त्याने त्याच गाडीवर डबल बेल मारली. मात्र आता गाडी सोडण्याआधी तो प्रत्येक पांघरूण हलवून बघत असे. यावर ओट्यावर हशा पिकला. एकीने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, ''सुटला बाई एकदाचा. त्याच्या बायकूचं मला लई वाईट वाटत हुतं, मास्तरीणबाई.''

पावसाची आणि धुळीची गोष्ट लेखकानेच लिहिलेली होती. सातव्या पानावर पाऊस, एकोणिसाव्या पानावर धुळीच्या वहाणा. मी नंतर पुन्हा उघडून पाहिले. वर्षानुवर्षे उंबऱ्याबाहेरच्या वहाणांवरून घरात कोण कुठून आले ते ओळखणाऱ्या बाईच्या नजरेतून ते सुटले नव्हते.

आता दुसरी बाजू. माझा मामा, आईचा दादा, एका संस्थेत कारकून होता. त्याच वर्षी तिथल्या तिजोरीत चौदाशे रुपये कमी निघाले. किल्ली त्याच्याकडे असे. एवढ्यावरून सगळे ठरले. चौकशी म्हणून जे काही झाले त्यात त्याला कोणी एक सरळ प्रश्न विचारला नाही. आजोबांनी दोन एकर जमीन विकून पैसे भरले. पैसे भरले म्हणजे घेतलेच असणार, असे गाव म्हणाले. न भरते तर पचवले म्हणाले असते. मामा मुंबईला निघून गेला आणि दोन वर्षे त्याचे पत्र नव्हते. त्या ओट्यावरच्या प्रत्येक बाईला हे माहीत होते. त्यांच्यापैकी कोणी त्याचे नाव काढले नाही. त्या फक्त रोज विचारत, ''कंडक्टरचं काय झालं?''

एकवीस वर्षांनी, १९९४ मध्ये, पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ पदपथावर जुनी पुस्तके चाळताना एक पिवळे पडलेले पुस्तक हाती आले. पहिलेच वाक्य वाचले आणि हात थांबला. मुखपृष्ठ शाबूत होते. त्यावर एस.टी. नव्हतीच, पिस्तूल रोखलेली एक बाई होती. पुस्तकाचे नाव किंवा लेखकाचे नाव मी इथे देत नाही. त्या बापड्याने अशा पुस्तकांवर घर चालवले असेल, मुलांच्या फिया भरल्या असतील. मी दोन रुपये दिले आणि तिथेच उभ्याने शेवटची सोळा पाने वाचली.

काय होते त्यांत? शेठला जुळा भाऊ होता. प्रेत त्या भावाचे. घाटाच्या पोटात भुयार होते, भुयारात सोन्याची चोरटी आयात करणारी आंतरराष्ट्रीय टोळी होती, आणि टोळीचा बुरखाधारी म्होरक्या म्हणजे गुप्तहेराचा जिवलग मित्र. दोन पाठलाग, एक स्फोट. चालत्या एस.टी.तून शेठ नाहीसा कसा झाला? त्याला लेखकाने एक वाक्य दिले होते: तो चपळाईने खिडकीतून निसटला. घाटात, भर पावसात, अनवाणी! वहाणांवर धूळ का होती, हा प्रश्न लेखकाला पडलेलाच नव्हता. ती धूळ त्याने सहज लिहून टाकली होती.

आणि कंडक्टर? एकसष्टाव्या पानावर त्याला कोठडीत टाकले होते. त्यानंतर पुस्तक संपेपर्यंत त्याचा उल्लेख नाही. त्याला सोडले की नाही हे लेखक सांगायला विसरला.

पदपथावर मी त्या दिवशी जितका चिडलो तितका चांगल्या घराण्यातल्या कादंबरीवरही कधी चिडलो नाही. पण राग निवल्यावर वाटले, हे एकट्या त्या लेखकाचे पाप नाही. रहस्यकथेची सुरुवात करणे तसे स्वस्त असते. एक अशक्य प्रसंग मांडला की काम झाले. त्याची किंमत पुढे चुकवायची असते. किराणा दुकानदाराच्या वहीत मांडतात तशी लेखक पहिल्या प्रकरणात आपल्या नावावर उधारी मांडतो, आणि वाचक विश्वासाने माल देत राहतो. त्यात पाने ठरलेली. सात फॉर्म म्हणजे एकशे बारा पाने. महिन्याला पुस्तक द्यायचे असेल तर शेवट सुचेपर्यंत थांबायला सवड कुणाला? मग शहाण्णवाव्या पानावर सारी उधारी तशीच, आणि हातात उरतात सोळा पाने. जुळा भाऊ आणि भुयार तेव्हाच आठवतात.

इंग्रजीतही काही वेगळे नाही. रोनाल्ड नॉक्स नावाच्या, धर्मगुरू असलेल्या एका रहस्यकथाकाराने १९२९ साली या खेळाचे दहा नियम लिहून ठेवले. त्यांत तो म्हणतो, एकापेक्षा जास्त गुप्त खोल्या वा भुयारे नकोत. वाचकाला आधी तयार केल्याशिवाय जुळे भाऊ आणू नयेत. गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकासमोर ताबडतोब ठेवावा. त्याला भुयार एक चालत होते. पण जुळा भाऊ आणि लपवलेले धागे, हे दोन नियम आमच्या कादंबरीने एका फॉर्ममध्ये मोडले होते.

आणि हे मोठ्यांनाही चुकलेले नाही. अगाथा ख्रिस्ती म्हणजे या विद्येतली सम्राज्ञी. तिच्या ऐंशीव्या वाढदिवसाच्या सुमारास, सप्टेंबर १९७० मध्ये, 'पॅसेंजर टू फ्रँकफर्ट' ही कादंबरी आली. सुरुवात बघा: धुक्यामुळे फ्रँकफर्टच्या विमानतळावर अडकलेल्या एका कंटाळलेल्या मुत्सद्द्याकडे एक अनोळखी बाई येते आणि म्हणते, माझा जीव धोक्यात आहे, तुमचा झगा आणि पासपोर्ट मला द्या. आणि तो देतो! याहून देखणी सुरुवात बाईंनी क्वचितच केली असेल. पण पुढे जगभरच्या तरुणांचा उठाव, हिटलरचा म्हणवला जाणारा मुलगा, माणसाला परोपकारी बनवणारे औषध असे काय काय येत राहते आणि विमानतळावरची ती बाई त्या गर्दीत विरून जाते. पुस्तक खूप खपले. ख्रिस्तीच्या भक्तांना मात्र त्याच्याविषयी बोलताना आजही विषय बदलावासा वाटतो.

याउलट डिकन्सचे नशीब पाहा. तो जून १८७० मध्ये गेला, तेव्हा 'एडविन ड्रूड'चे रहस्य बारापैकी सहाच भागांत लिहून झाले होते. दीडशे वर्षे लोक त्याला शेवट जोडत आहेत. शेवट बिघडवल्याचा आरोप डिकन्सवर मात्र कोणी करू शकत नाही! आमच्या ओट्यावर असेच एक ड्रूड घडले होते, असे मला कधी कधी वाटते.

मग दिलेला शब्द पाळणाऱ्या गोष्टी मराठीत नाहीत काय? आहेत. १९६४ सालचा राजा परांजपे यांचा 'पाठलाग' आठवा. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून तो निघाला आणि त्यावरून १९६६ मध्ये हिंदीत 'मेरा साया' आला. एका वकिलाची पत्नी त्याच्या डोळ्यांदेखत जाते. पुढे पोलिसांनी पकडलेली एक बाई कोर्टात म्हणते, मीच यांची पत्नी. सुरुवात आमच्या एस.टी.इतकीच अशक्य. पण शेवटपर्यंत चित्रपट त्या एकाच प्रश्नाला धरून राहतो. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी उत्तर सांगत नाही. आणि आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' घ्या. १९६२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकात गुन्हेगार कोण हे प्रेक्षकाला पहिल्यापासून ठाऊक असते. तरी माणसे श्वास रोखून बसत. कारण फसवल्या गेलेल्या बायकांना न्याय मिळतो की नाही, हे त्यांना पाहायचे असते. धक्का बसला नाही तर वाचक फारसा रुसत नाही. ज्याच्यासाठी त्याचा जीव तुटला, त्याला लेखकाने विसरू नये, एवढीच त्याची अपेक्षा असते.

ते दोन रुपयांचे पुस्तक मी पुढच्या रविवारी पारनेरला घेऊन गेलो. आई तेव्हा साठीत होती. मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झालेले, वाचायला बंदी. मी म्हटले, ''आई, ती आपली एस.टी. सापडली. शेवटासकट.''

ती एकदम उठून बसली. ''वाच.''

मी सोळा पाने वाचली. जुळा भाऊ आला तेव्हा ती हसली. भुयार आले तेव्हा म्हणाली, ''घाटात भुयार खणलं आणि गाडीवाल्यांना ठाऊक नाही?'' खिडकीतून उडी आली तेव्हा तिने नुसता हात उडवला. मी पुस्तक मिटले.

''आणि कंडक्टर?''

''त्याचं काही नाही.''

''काही नाही म्हणजे? सुटला का?''

''लिहिलेलंच नाही आई. लेखक विसरला.''

ती बराच वेळ गप्प होती. बाहेर ओट्यावर ऊन उतरले होते. त्या ओट्यावरच्या बायकांपैकी दोघी तोवर गेल्या होत्या. मामाही मुंबईतच गेला होता, १९८८ मध्ये. चौदाशे रुपये कोणी घेतले ते शेवटपर्यंत निघाले नाही. कोणी शोधलेही नाही. पैसे भरले गेले, वही मिटली.

''दादाचंही असंच झालं की रे,'' आई म्हणाली. ''कुणी वाईट म्हणून विसरलं नाही. त्यांचं काम झालं होतं.''

मग थोड्या वेळाने तिने विचारले, ''दुकानात अजून असतील का रे या पुस्तकाच्या प्रती?'' मी म्हटले, ''असतील एखाद-दुसरी.'' ती म्हणाली, ''मिळाली तर घे. मागची पानं काढून टाक आणि मग दे कुणाला वाचायला.''

आई २०११ मध्ये गेली. दुसरी प्रत मला मिळाली नाही. जी होती तिच्यातला शेवटचा फॉर्म मी त्याच संध्याकाळी दोरा उसवून वेगळा केला होता. परवा ती शहाण्णव पाने नातीच्या हाती दिली. दोन दिवसांनी ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

''आजोबा, पुढची पानं कुठायत? आणि त्या कंडक्टरचं काय झालं?''

''बस इथे,'' मी म्हटले. ''आधी मला सांग, वहाणा कशा होत्या?''